उंच गाडी आणि उतारवय



नव्या गाडीला आशीर्वाद द्यायला आम्हांला बोलावतात, तेव्हा अलीकडे एक बदल दिसतो. पूर्वी चावी तरुण मुलाच्या हातात असे आणि आईवडील मागे कौतुकाने उभे असत. आता पुष्कळदा चावी असते निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या हातात, आणि गाडी असते उंच, रुंद, जिला सगळे एसयूव्ही म्हणतात. पवित्र पाणी शिंपडून झाले की एखादे जोडपे हळूच विचारते, "फादर, या वयात एवढी गाडी घेतली, काही चुकलं तर नाही ना?" जे विचारत नाहीत त्यांच्याविषयी शेजारीच आम्हांला विचारतात. "चालतं हो" असे म्हणून पुढे जाता येते, पण प्रश्न खरा आहे. आयुष्यभर काटकसर करून, वाडीत राबून किंवा पहाटेची लोकल पकडून ज्यांनी मुलांना वाढवले, त्यांनी उतारवयात स्वतःच्या सुखासाठी किती खर्च करावा? आणि ते सुख नेमके कसले?

आधी शरीराचे बोलू, कारण शरीर ही देवाचीच देणगी आहे. बुटक्या गाडीत बसताना माणसाला खाली पडल्यासारखे बसावे लागते आणि उतरताना दार धरून स्वतःला वर ओढावे लागते. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आसन कमरेच्या उंचीला असेल तर नुसते वळून बसता येते. गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल तर गर्दीत डाव्या पायाला क्लचची शिक्षा होत नाही. डोळ्यांचेही तसेच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो, म्हणून संध्याकाळी उंचावरून रस्ता नीट दिसणे ही चैन नव्हे. शिवाय आपल्याकडचे गतिरोधक आणि पावसाळ्यातले खड्डे यांना गाडीच्या पोटाखाली थोडी जास्त जागा असलेली बरी. (मात्र २०१८ च्या जुलैमध्ये वसईत साचले तसे पाणी साचले, तर उंच गाडीच्या भरवशावर त्यात शिरू नये. पोटाखाली जागा आहे म्हणजे पाण्यात चालण्याची हमी आहे असे नाही.) सुरक्षेचे तारेही पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची चाचणी सुरू झाली आहे. मिळालेला जीव जपणे हे पाचव्या आज्ञेतच येते.

अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुण म्हणजे मध्यममार्ग असे म्हटले हे पुष्कळांनी ऐकले असेल. पण तो मध्य आपल्या संदर्भातला असतो, हे त्याचे पुढचे म्हणणे मागे राहते. त्याने मिलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाचे उदाहरण दिले आहे. मिलोला जे जेवण थोडे होईल तेच नवशिक्या पैलवानाला जास्त होईल. तिशीतल्या तरुणाला जे आसन चैनीचे, तेच अडुसष्ट वर्षांच्या मावशींना गरजेचे असू शकते. संत थॉमस अक्वायनस दानधर्माविषयी लिहिताना 'आवश्यक' या शब्दाचे दोन अर्थ सांगतात. एक, ज्याच्यावाचून आपण व आपली माणसे जगूच शकत नाही ते. दुसरे, ज्याच्यावाचून आपल्या परिस्थितीला साजेसे जगता येत नाही ते. या दुसऱ्या आवश्यकतेची सीमा म्हणजे कागदावर मारलेली रेघ नव्हे, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. तिच्यात बरीच भर पडली तरी ती ओलांडली असे होत नाही, आणि बरेच कमी केले तरी माणूस साजेसेच जगतो. म्हणून किती लाखांची गाडी म्हणजे पाप, हे आम्हांला विचारू नये. सीमा ठाम नाही याचा अर्थ ती नाहीच असा मात्र होत नाही.

आमचा अनुभव असा की गुडघ्याच्या नावावर सनरूफसुद्धा घरात येते. गुडघ्याला उंच आसन हवे होते, छताला खिडकी त्याने मागितली नव्हती. सात आसने, मोठे इंजिन, दिवाणखान्यात शोभेल असा पडदा, हे सगळे शोरूममध्ये एकामागून एक 'थोडेसेच जास्त' म्हणून जोडले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाडीवर ४० टक्के. कर हा काही नीतीचा मापदंड नाही, पण हिशेब करायला तो भाग पाडतो. चार मीटरच्या आतल्या उंच गाडीतही आसन तेवढ्याच सोयीचे मिळते. आणि ती आपल्या आळीतून जाताना समोरच्याला मागे जावे लागत नाही.

दुसरा शब्द येतो 'भरवशाची'. गाडी भरवशाची हवी असे सगळेच म्हणतात. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर ती सुरू झाली पाहिजे, कारखाना जवळ हवा, सुटे भाग मिळायला हवेत. हे शहाणपण आहे. पण पुढचे वाक्य पुष्कळदा असे येते, "म्हणजे कोणावर अवलंबून राहायला नको, फादर." मुलगा कॅनडात, मुलगी आखातात, पुतण्या गावात आहे पण त्याला सांगायला संकोच वाटतो. या वाक्यापाशी आम्ही नेहमी थांबतो. स्तोत्रकर्त्याने रथांवर आणि घोड्यांवर विसंबणाऱ्यांविषयी बजावले होते, ते रथ वाईट असतात म्हणून नव्हे, तर रथ असला की आणखी कोणाची गरज नाही असे वाटू लागते म्हणून. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगितले की म्हातारपणी दुसरा कोणीतरी तुला कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयी होते, तरी वार्धक्याचे इतके अचूक वर्णन आम्हांला दुसरीकडे सापडलेले नाही. कोणावर ओझे होऊ नये ही इच्छा चांगलीच. पण कोणाकडून काहीच घ्यायचे नाही, हा हट्टही असू शकतो, आणि देणाऱ्याला त्याच्या संधीला मुकवणारा हट्ट असू शकतो.

त्यातच एक कठीण गोष्ट आहे. गाडी भरवशाची राहील, चालवणारा राहीलच असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढच्या माणसाचा परवाना पाच वर्षांपुरताच मिळतो. कायदा पाच वर्षांनी विचारतो. डोळ्यांतला मोतीबिंदू तेवढा थांबत नाही. अक्वायनसने विवेकाच्या अंगांमध्ये 'शिकवून घेण्याची तयारी' धरली आहे आणि ती वडीलधाऱ्यांनाही हवी असे स्पष्ट लिहिले आहे, कारण विवेकाच्या बाबतीत कोणीच स्वतःपुरता पुरा नसतो. म्हणून गाडी घेतानाच पत्नीला आणि मुलांना सांगून ठेवावे की ज्या दिवशी तुम्हांला माझे चालवणे धोक्याचे वाटेल त्या दिवशी बोला, मी रागावणार नाही. ही गोष्ट पंच्याहत्तरीत सांगायला फार जड जाते. पासष्टीत सोपी जाते.

आतापर्यंत आपण गाडीत बसणाऱ्यांचे बोललो. रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचे काय? व्हॅटिकनने २००७ च्या जूनमध्ये रस्त्यावरील वागणुकीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात चालकांसाठी दहा आज्ञाच दिल्या आहेत आणि गाडी ही सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये असे एका आज्ञेत सांगितले आहे. तेव्हा काहींनी ते हसण्यावारी नेले. पण अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने २०२३ साली तपासून सांगितले की ज्या गाड्यांचे बॉनेट सुमारे एक मीटरहून उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव बुटक्या व उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्याकडच्या सगळ्याच गाड्या इतक्या उंच नसतात. तरी तत्त्व तेच आहे. माझ्या गुडघ्याला मिळालेल्या सुखाची किंमत रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या पोराने चुकवायची का? धर्मशिक्षणाचा वर्ग सुटतो तेव्हा आपल्या फाटकापाशी मुलांचा लोंढा असतो आणि उंच बॉनेटच्या अगदी पुढे उभे असलेले पहिली-दुसरीतले मूल चालकाला दिसत नाही. गाडी विकत घेण्यापूर्वी नातवाला तिच्यासमोर उभे करून पाहावे. कॅटलॉगमध्ये ही माहिती नसते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये नव्या कोऱ्या दिमाखदार गाड्यांतून फिरणाऱ्या धर्मगुरूंविषयी आणि धर्मभगिनींविषयी दुःख व्यक्त केले होते, आणि त्याच वर्षी इटलीतल्या एका वृद्ध धर्मगुरूंकडून त्यांची जुनी रेनो गाडी भेट म्हणून स्वीकारली होती. ते आम्हां धर्मगुरूंना उद्देशून होते, तेव्हा ते तुमच्यावर ढकलण्याचा आमचा विचार नाही. गाडी लागते हे त्यांनीही मान्य केलेच होते.

शेवटी तो शोमरोनी. त्याच्याजवळ स्वतःचे जनावर होते आणि ते का होते असे प्रभूने विचारलेले नाही. जनावर होते म्हणूनच तर जखमी माणूस उताराशाळेपर्यंत पोचला. अक्वायनसही तेच सांगतात की वस्तू मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क आपला, पण वापरताना ती सगळ्यांची समजून वापरावी. रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला आपल्या आवारात पाच जणांच्या गाड्यांतून दोघे-दोघे उतरतात. पहिल्या शुक्रवारी आम्ही ज्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जातो, त्यांतल्या निदान काहींना देवळात यायचे असते, पण रिक्षात चढता येत नाही, बसपर्यंत चालवत नाही.

अशांची नावे त्यांच्या संमतीने धर्मग्राम कार्यालयात लिहून ठेवली आहेत. ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी आपली आळी आणि मिस्सेची वेळ तेथे सांगावी. काही गाड्या वृद्धांना चढायला जरा जास्तच उंच पडतात, म्हणून दोन लाकडी पाट-स्टुले कार्यालयाच्या दाराशी ठेवली आहेत. नेली तर मिस्सेनंतर परत आणून ठेवावीत.