छातीवरचा कान

वक्तृत्वाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले आहे ते बहुतेक जिभेविषयी आहे. कानाविषयी फारच थोडे. आणि तो कान यंत्राचा असला, तर त्याचा विचार मंडपवाल्याने करावा, सुशिक्षितांनी नव्हे, अशीच समजूत आढळते. तथापि नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां मंडळींची या यंत्राशी वारंवार गाठ पडते. गणेशोत्सव आहे, व्याख्यानमाला आहे, वर्षाकाठी एखादी एकांकिका आहे. येथे बंगळुरात आमच्या परिचयाच्या एका मंडळाने व्याख्यानांसाठी कपड्याला अडकवण्याचा लहानसा मायक्रोफोन, ज्याला आपण सर्वजण 'कॉलर माइक' म्हणतो, तो घ्यावयाचे ठरविले. कोणता घ्यावा यावर जी दीर्घ चर्चा झाली ती ऐकत असता, या खरेदीत नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटू लागले.

या वस्तूचे इंग्रजी नाव 'लॅव्हेलिअर'. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या मर्जीतील ला व्हालिएर नामक स्त्रीच्या नावावरून गळ्यात लोंबणाऱ्या पदकाला ते नाव मिळाले व पुढे मायक्रोफोनलाही चिकटले. कारण आरंभी तो दोरीने गळ्यातच अडकवीत असत. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेसलर यांनी 'इलेक्ट्रेट' जातीचा मायक्रोफोन सिद्ध केला आणि हे पदक पुढे हरभऱ्याएवढे झाले. आता तर तारही गेली. वक्ता मोकळ्या हातांनी हिंडतो आणि आपल्या अंगावर एक कान बसला आहे हे थोड्याच वेळात विसरतो.

जुन्या रंगभूमीचे अभिमानी या यंत्राकडे नाक मुरडून पाहतात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यापुढे कोणता माइक होता, असे ते विचारतात. प्रश्न बिनतोड आहे. परंतु त्या काळाने ज्यांना गळा दिला त्यांचीच नावे आपल्यापर्यंत आली. ज्यांच्यापाशी विचार होता पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज नव्हता, ते किती गप्प राहिले असतील याची नोंद कोणी ठेवली? वर उल्लेखिलेल्या मंडळात एक निवृत्त शिक्षिका संतवाङ्मयावर बोलतात. त्यांचा आवाज तिसऱ्या खुर्चीपलीकडे जात नाही. उभ्या माइकसमोर त्या संकोचत. तो अंगाला लावताच त्या घरात बोलाव्यात तशा बोलल्या आणि दिवाणखान्यातील ती मृदुता शंभर माणसांना लाभली. दुबळ्या आवाजाला मोठ्या आवाजाच्या पंक्तीला बसविणे हा यंत्राने केलेला न्याय आहे.

आता निवडीचा प्रश्न. या माइकच्या मुख्य जाती दोन. एक सर्व दिशांचे सारखेच ऐकतो. दुसरा समोरचे अधिक व पाठीमागचे कमी ऐकतो. पहिला उदार आहे: वक्त्याने मान वळविली तरी त्याचा आवाज फारसा पडत नाही, श्वासाचा व वस्त्राचा उपद्रवही त्याला कमी होतो. शांत खोलीतील ध्वनिमुद्रणास व प्रक्षेपणास तोच बरा. परंतु जवळ कर्णे असलेल्या सभागृहात तो त्यांचाही आवाज आत घेतो आणि शिट्टी वाजू लागते; तेथे दुसरा उपयोगी पडतो. तो मात्र कडक शिस्तीचा: जागा थोडी चुकली किंवा मान वळली की रुसतो. कोणताही घ्या, तो हनुवटीखाली सुमारे वीतभर अंतरावर असावा. अंतर निम्मे केले की यंत्रापाशी पोहोचणारा ध्वनीचा दाब सुमारे दुप्पट होतो, म्हणून उगाच कळ फिरविण्यापेक्षा जागा सुधारणे शहाणपणाचे. कोटाची सोय सदऱ्याला नसते. साडीवर पदराची घडी पाहावी लागते. कडक इस्त्रीची खादी कुरकुरते आणि मंगळसूत्राचा मणी माइकवर आपटला की सभागृहात हातोडा पडल्याचा भास होतो.

येथवर गोष्ट सोपी आहे. कठीण भाग पुढेच आहे. जुना उभा माइक हा एक उंबरठा होता. वक्ता खुर्चीवरून उठे, चार पावले चाले, घसा साफ करी. तेवढ्यात 'आता आपण चारचौघांत बोलणार' ही जाणीव त्याच्या मनात उतरे. परततानाही तो उंबरठा ओलांडी. कॉलर माइकने हा उंबरठाच काढून टाकला. २८ एप्रिल २०१० रोजी निवडणुकीच्या धामधुमीत ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राउन रॉचडेल येथे एका मतदार स्त्रीशी सौजन्याने बोलले, मोटारीत बसले आणि सहकाऱ्यापाशी तिची संभावना हेकट, संकुचित बाई अशा अर्थाच्या शब्दाने केली. कोटावरचा वृत्तवाहिनीचा माइक तसाच राहिला होता. शब्द जगभर गेला आणि पंतप्रधानांना त्याच दिवशी तिच्या घरी जाऊन क्षमा मागावी लागली.

अशा प्रसंगी लोक म्हणतात, 'मोटारीत बोलला तेच त्याचे खरे मत.' आम्हांस हे मान्य नाही. थकव्यात निसटलेला शब्द विचारपूर्वक उच्चारलेल्या शब्दाहून अधिक खरा का मानावा? कचेरीत आम्ही टिपणीचे कच्चे मसुदे लिहितो व फाडतो. सही होते ती अखेरच्या मसुद्यावर, आणि जबाबदारीही तिचीच. मनुष्याला मसुदे फाडण्याची जागा हवी. परंतु खाजगीत व्यक्त होणाऱ्या भावनाही दोन प्रकारच्या असतात. वैताग हा एक. तो समोरच्याला कळला तर आपण ओशाळतो व तो बहुधा क्षमा करतो. तुच्छता हा दुसरा. ती कळल्यावर क्षमा मागूनही मागचे सौजन्य खोटे ठरते. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा आला तेव्हा फाइलीवरील शेरे नागरिकांस दिसतील म्हणून अनेकांना धास्ती वाटली. ज्यांच्या शेऱ्यांत मतभेद होता त्यांना भिण्याचे कारण नव्हते. ज्यांच्या शेऱ्यांत अर्जदाराचा उपहास होता, त्यांचे काय?

जबाबदारी केवळ बोलणाऱ्याची नव्हे. ध्वनियंत्रणेपाशी बसलेल्या माणसाच्या कानावर वक्त्याचे विंगेतील बोलणे सहज पडते. त्याने कळ वेळेवर बंद करावी आणि ऐकलेले विसरावे. त्याच्या या मौनाची किंमत कोणी मोजीत नाही, पण मंचावरचा सारा विश्वास तिच्यावर उभा असतो.

आणि आपण मंडळी? परप्रांती आपण सर्वजण एक आवाज बंद करण्याची कळ बाळगून असतो. तिचे नाव मराठी. कचेरीतील साहेबाविषयी, शेजाऱ्याच्या स्वयंपाकाविषयी, येथल्या रीतीभातींविषयी, इंग्रजीत जे बोलण्यास आपण धजणार नाही ते बसमध्ये उभे राहून मराठीत खुशाल बोलतो. जणू आपली भाषा ही भिंती असलेली खोली आहे! वस्तुतः हे शहर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेली मराठी घराणी आहेत. आणि शेजारच्या टेबलावरचा बेळगाव-धारवाडकडचा कन्नड सहकारी आपले प्रत्येक वाक्य समजून सौजन्याने खाली मान घालून फाइल वाचीत असतो. तो विंगेतील त्या माणसासारखाच ऐकलेले विसरतो. त्याचे हे औदार्य आपण आपल्या भाषेचे संरक्षण समजत आलो आहोत.

म्हणून मंडळाने दोन्ही जातींचे माइक तपासून सभागृहास योग्य तो घ्यावा, हे आमचे मत आम्ही देतो. त्याबरोबर इतकेच सुचवितो की, व्याख्यान संपल्यावर तो काढून ठेवताना प्रत्येकाने क्षणभर असे समजून पाहावे की तो अद्याप चालू आहे, आणि ऐकणाऱ्याला मराठी येते.