नाण्यावरचा बाण

एक नाणं सरळ वर उडवलं. ते हातातून सुटलं आहे, अजून वर चाललं आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, ती बाणांनी दाखवा. गतीचे नियम शिकून झालेल्या कुठल्याही वर्गाला हा प्रश्न घालून पाहावा. बऱ्याच वह्यांत दोन बाण निघतात. खाली गुरुत्वाकर्षणाचा आणि वर ‘हाताने दिलेल्या’ बलाचा. वरचा मोठा, कारण नाणं वर जातंय ना! मग तो आखूड होत जातो, माथ्यावर दोन्ही बरोबरीत येतात आणि शेवटी खालचा जिंकतो. गोष्ट इतकी सुसंगत आहे की तिच्यावर फुली मारणं जिवावर येतं. पण हवेचा किरकोळ विरोध सोडला तर नाण्यावर बल एकच असतं, आणि ते वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना खालच्याच दिशेने असतं. बोटं सुटली तिथे हाताचं बल संपलं.

हा दुसरा बाण फक्त कच्च्या मुलांच्या वहीत सापडतो असं नाही. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारला होता. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसतं, की बहुसंख्य विद्यार्थ्यांनी वरचा बाण काढला आणि यामिकीचा अभ्यासक्रम पुरा झाल्यावरही तो फारसा हटला नाही.

त्याची वंशावळ मोठी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिपार्कस या ग्रीक खगोलज्ञाने वर फेकलेल्या वस्तूचं जवळजवळ असंच स्पष्टीकरण दिलं होतं. फेकणाऱ्याचं बल वस्तूत राहतं आणि ओसरत जातं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदाँने फेकलेल्या वस्तूत शिरणाऱ्या या ‘आवेगा’ची आणखी बांधेसूद मांडणी केली. आणि खुद्द गॅलिलिओ? पिसात शिकवत असताना, १५९०च्या सुमारास त्याने गतीवर जे लिखाण केलं, त्यात ओसरत जाणारं बल आहेच. तेव्हा तो पंचविशीत होता. गतीविषयीचा त्याचा परिपक्व ग्रंथ निघाला १६३८ साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकानंतर. त्याला जो पल्ला गाठायला इतकी वर्षं लागली, तो नववीतल्या मुलाने दोन तासिकांत गाठावा अशी आपली अपेक्षा असते. गाठला नाही की शेरा तयारच असतो: संकल्पना स्पष्ट नाहीत.

खरं तर संकल्पना अगदी स्पष्ट असते, फक्त ती न्यूटनची नसते. आणि आपल्या परीक्षेला याचा पत्ताही लागत नाही. नाणं सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर उडवलं तर किती उंच जाईल? सूत्रात आकडे घातले की ४.९ मीटर हे उत्तर येतं. पैकीच्या पैकी गुण! ‘हाताचं बल’ मनात जपूनही हे गणित बिनचूक सुटतं.

‘विज्ञान अनुभवातून शिका’ असं आपण उठता-बसता म्हणतो. इथे मात्र अडचण अनुभवाचीच आहे. बैल थांबले की गाडी थांबते, पायडल मारणं सोडलं की सायकल मंदावते. गती टिकवायची तर सतत बल लावावं लागतं, हेच आपलं भोवतालचं जग रोज शिकवतं. गॅलिलिओचं मोठेपण मला त्याच्या डोळ्यांपेक्षा त्याने डोळ्यांआड केलेल्या गोष्टीत जास्त दिसतं. उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळ उंचीपर्यंत चढतो. चढ सौम्य केला तर ती उंची गाठायला गोळा लांबवर जातो. मग चढ अजिबातच नसेल तर? गोळ्याला थांबायचं कारणच उरत नाही. असा घर्षणरहित, अंत नसलेला सपाट पृष्ठभाग गॅलिलिओने कधी पाहिला नव्हता, पाहणं शक्यही नव्हतं. दिसतं त्यातून घर्षण मनानेच वजा करण्याची ही युक्ती आहे. कॅरमच्या बोर्डावर बोरिक पावडर शिंपडणारी मुलं तिच्या बरीच जवळ आलेली असतात. टिचकी तेवढीच, पण स्ट्रायकर लांब जातो, म्हणजे पावडरने स्ट्रायकरला काही दिलं नाही, अडवणारं काहीतरी कमी केलं. मास्तरांनी तिथून पुढे एकच प्रश्न विचारायचा असतो. पण कॅरम शाळेत आलाच तर खेळाच्या तासाला येतो.

१९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चाललं आहे. त्याला पुढे ढकलणारं कोणी नाही. त्याची छोटी झोतयंत्रं मुख्यतः अँटेना पृथ्वीकडे वळलेली ठेवण्यासाठी चालतात. उलट सूर्याचं मागे ओढणं त्याला किंचित मंदच करतंय. तरी ‘इतक्या वर्षांत त्याचं इंधन संपलं कसं नाही?’ असं चांगली शिकलेली माणसंही विचारतात. तोच बाण, नाण्यावरून उचलून यानावर लावलेला.

हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी बलाच्या मूळ कल्पना तपासणाऱ्या साध्या प्रश्नांची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी विचार करते तशी? इतका प्रामाणिक प्रश्न आपल्याकडे वर्गात सहसा कानावर येत नाही, कारण दुसऱ्या पर्यायाला गुण नसतात हे मुलांना आधीच ठाऊक असतं. मझूर यांनी पुढे व्याख्यान कमी केलं. प्रश्न आधी टाकायचा, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं. वर्गात गोंगाट होतो. अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रारही खोटी नाही, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात तर ती जास्तच खरी आहे. माझं म्हणणं एवढंच, की अख्ख्या पुस्तकासाठी नाही तरी या एका बाणासाठी दोन तास मोडावेत.

वाद पेटवायला नाण्याचा माथा पुरतो. तिथे वेग शून्य, हे सगळ्यांना मान्य. मग त्वरण किती? अर्ध्याअधिक वर्गातून ‘शून्य’ येईल. तेव्हा सूत्र सांगायची घाई न करता विचारावं: वेगही शून्य आणि तो बदलण्याचा दरही शून्य, तर मग नाणं खाली कशाला येईल?