एकास पाच

बलिप्रतिपदेला द्यूत खेळण्याचा आपल्याकडे जुना प्रघात आहे. म्हणून आज थोडे फाशांचे गणित सांगतो. फाशाला ६ बाजू. सहाचे दान पडण्याची संभाव्यता १/६. आता एकातून हा अपूर्णांक वजा करावा. उरले ५/६, ती न पडण्याची. दोन्ही शेजारी ठेवली की गुणोत्तर होते १ : ५. वर्गातली मुले हटकून ‘एकास सहा’ म्हणतात. ती भागाची तुलना पूर्णाशी करतात. येथे तुलना असते जिंकण्याची हरण्याशी.

गणिताला दोन्ही रूपे सारखीच. माणसाला ती सारखी आहेत काय? जत्रेतला फासेवाला ओरडतो, “सहा पडले की रुपयावर चार रुपये नफा!” सहा डावांत सरासरीने पाच रुपये जायचे, चार यायचे. नफा पाचाचा असता तर सौदा सरळ झाला असता. तो खोटे बोलत नाही. चार सांगतो, पाच सांगत नाही.

पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रांतून हे शास्त्र उभे राहिले. त्यांचा प्रश्न होता, अर्धवट मोडलेल्या डावातला पैसा न्यायाने कसा वाटावा? न्याय तेव्हापासूनच या गणितात आहे.

शाळेच्या फळ्यावर शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाचे नाव लागते. न मिळालेल्यांची संख्या लागत नाही. आशा दाखवणे पाप नव्हे. पण ज्याचा रुपया पणाला लागला आहे, त्याला एकाबरोबर पाचही ऐकण्याचा हक्क आहे, असे मला वाटते.