अपक्व उसाची तोड

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको की, आडसाली ऊस पक्व होण्यास सोळा-अठरा महिने लागतात. तो त्यापूर्वी तोडिला तर काट्यावर वजन दिसते, परंतु साखरेचा उतारा पडत नाही. उसाविषयी ज्यास हे कळते, त्यास आपल्या मुलाविषयी का कळू नये? लिलावातील रकमा ऐकून कॉलेजात शिकणाऱ्या मुलांचे बापही हल्ली हिशेब मांडू लागले आहेत, म्हणून हा प्रश्न आम्ही येथे घेतो.

विरारच्या पृथ्वी शॉ ह्याचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी, २०१३ साली, त्याने शालेय सामन्यात ५४६ धावा केल्या. २०१८ च्या जानेवारीत तो न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार म्हणून खेळत असता इकडे लिलावात त्याची किंमत एक कोटी वीस लक्ष ठरली. त्याच वर्षी राजकोट येथे पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या, वय अठरा. पुढे २०१९ साली खोकल्याच्या औषधातील निषिद्ध द्रव्यामुळे त्याजवर आठ महिन्यांची बंदी आली. द्रव्य अजाणता घेतले गेले, हे मंडळानेही मान्य केले होते. २०२० च्या अखेरीस, पाच कसोट्या होताच, त्याची कसोटीतील जागा गेली, आणि २०२४ च्या लिलावात त्यास कोणी घेतले नाही. ह्या मुलास दोष देणे फार सोपे आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, ज्या वयात इतर मुले चुका करून घरी बोलणी खातात, त्या वयात ह्याच्या चुका देशभर छापून आल्या.

ह्याच्या उलट खाशाबा जाधव. कराडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. तेथे हरल्याने त्याचा भाव उतरला नाही, कारण त्याचा भाव कोणी ठरविलाच नव्हता. शिकावयास व सावरावयास त्यास चार वर्षे मिळाली. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणिले. प्राचार्यांनीही मुलावर पैसा लाविला होता. परंतु मुलगा विकत घेतला नव्हता.

कोणी म्हणेल, सचिन तेंडुलकर १९८९ साली सोळाव्या वर्षीच कसोटी खेळला, त्याचे काय? खरे आहे, वयाचा एकच नियम सर्वांस लागत नाही. शिवाय कर्जात बुडालेल्या बापास 'थांब' असे सांगणे पोट भरलेल्यास शोभते, हेही आम्ही जाणतो. कायद्याने अठराव्या वर्षी मुलगा सज्ञान होतो व करारावर सही करू शकतो. पण त्या सहीच्या वेळी घरचे कर्ज त्याच्या डोक्यावर असेल, तर ती सही सर्वस्वी त्याची म्हणावी काय? आम्हांस ती बापाचीच अधिक वाटते. म्हणून खर्डेकरांनी केले तेच गावाने, शाळेने व नातलगांनी थोडथोडे करावे. मुलाचे शिक्षण पुरे होईतो खुराकाचा व प्रवासाचा खर्च वाटून घ्यावा. करार टळत नसेल तर निदान ती रक्कम त्याच्याच नावे ठेवावी व तीवर घरचा संसार उभारू नये.

शॉ ह्याने २०२५ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राकडून रणजी सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२ धावा केल्या. तेव्हा त्यास सव्विसावे वर्षही पुरे झाले नव्हते.