शिष्यवृत्ती : दान की ऋण?

दक्षिण गुजरातेतील कडोदऱ्याच्या आसमंतातील उसाला पोसणारे कालव्याचे पाणी उकाई-काक्रापार योजनेचे असून, १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयात ज्यांची गावे बुडाली ते बहुतांशी आदिवासी होते. त्यांच्यातील कोणी पदव्युत्तर अभ्यासासाठी विद्यापीठात गेला, म्हणजे सरकारी खजिन्यातून मिळणाऱ्या त्याच्या शिष्यवृत्तीस आपण सहजच दान समजतो. परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे, ज्याच्याशी उपकाराची देवघेव नाही अशाला कर्तव्यबुद्धीने दिलेले तेच सात्त्विक दान. आणि ज्यांनी नदीकाठची जमीन आधीच देऊन टाकली, त्यांच्यापुढे ही कसोटी पहिल्याच पायरीवर निकामी होते. (संविधानाचे सेहेचाळिसावे कलमही दानाची नव्हे, राज्याच्या दायित्वाचीच भाषा बोलते.) तेव्हा हे ऋणच, आणि तरीही ऋणको धनकोकडेच उत्पन्नाचे दाखले मागून त्याला कचेरीच्या दारी तिष्ठत ठेवतो.