भीती कुणाची, यातना कुणाच्या?

म्हाताऱ्या कुत्र्यासोबत राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी गाठतोच. बोलता न येणाऱ्या जिवाच्या वतीनं ‘आता पुरे’ हे कुणी ठरवायचं, आणि कशाच्या आधारावर? दुखणं हळूहळू वाढत गेलं तर विचाराला थोडी सवड तरी मिळते. पण काही दुखणी झटक्यानं येतात. दहा मिनिटं भयंकर जातात आणि पुढचे दोन आठवडे सगळं आलबेल. अशा वेळी कुठल्या कुत्र्याकडे बघून ठरवायचं? जमिनीवर तडफडणाऱ्या, की दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत दाराशी उभ्या असलेल्या?

आमचा ठिपक्या 13 वर्षांचा आहे. गावठी. मी दहावीत असताना सोसायटीच्या पार्किंगमधून घरात आला आणि राहिला. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो उठायला गेला आणि एका बाजूला कोसळला. मान वाकडी, बुबुळं घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे फिरतायत, तोंडातून लाळ, मग उलटी. आई म्हणाली, “पॅरालिसिसचा झटका आलाय.” बाबांनी गाडी काढली. मला खात्री होती की आपण त्याला घेऊन परत येणार नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा मेंदूतला झटका नसावा. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कधी कधी अचानक बिघडते. कारण बऱ्याचदा सापडत नाही. दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रा बहुतेक सावरतो. मेंदूच्या आजारातही अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे जायचंच. पण ज्या दृश्यानं आम्ही त्याला मनातून निरोप देऊन बसलो होतो, ते दृश्य बरं होणाऱ्या दुखण्याचं होतं. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला घासत का होईना, वाटीपर्यंत गेला. मान अजून थोडी वाकडीच आहे. त्यामुळे तो सतत काहीतरी विचारतोय असं वाटतं.

दिवाळीनंतर मात्र फिट यायला लागल्या. आतापर्यंत तीन. पाय ताठ होतात, मग सगळं अंग हादरतं, जबडा चावल्यासारखा हलतो, लघवी होते. पहिल्या वेळी वॉचमनकाका कांदा घेऊन धावत आले होते. आता काय करायचं ते आम्हाला पाठ झालंय. आसपासचं फर्निचर सरकवायचं, तोंडात हात घालायचा नाही, घड्याळ लावायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा एकामागून एक यायला लागल्या तर थेट दवाखाना. आणि जमलं तर मोबाईलवर शूट करायचं, कारण फिट आहे की हृदयामुळे आलेली चक्कर, हे डॉक्टरांना बऱ्याचदा व्हिडिओवरूनच कळतं. स्वतःच्या कुत्र्याची अशी अवस्था शूट करताना आपण निर्दय आहोत असं वाटतं. पण त्या क्षणी त्याच्या उपयोगाचं तेवढंच करता येतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट उशिरा उमगली. सर्वांगाची फिट चालू असताना कुत्रा शुद्धीवर नसतो. बघवत नाही ते बघणाऱ्याला. त्याला बहुधा त्यातलं काहीच जाणवत नाही. त्याचा त्रास सुरू होतो तो नंतर. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ दिसत नाही, कळत नाही, घरभर भिंतींना धडकत फिरतो. दुसरीकडे, ठिपक्याच्या मागच्या पायांची सांधेदुखी गेली दोन वर्षं आहे. ती शुद्धीत आहे, रोज आहे आणि आवाज करत नाही. तिच्यासाठी आमच्यापैकी कुणी कधी मध्यरात्री गाडी काढलेली नाही.

माझ्या नोकरीत हे ओळखीचं आहे. ऑन-कॉल असताना सर्व्हर पडला की फोन बोंबलतो आणि दहा माणसं झोपेतून उठतात. मेमरी हळूहळू गळत असेल तर कित्येक आठवडे कुणी बघत नाही. अलार्मचा आवाज नुकसानीच्या प्रमाणात वाजतोच असं नाही. आपली भीतीही तशीच. ती जागं करायला उत्तम, मोजमाप करायला निरुपयोगी. आणि तरी ‘आता संपवून टाकू’ हा विचार येतो तो नेमका तिच्याच भरात. ‘त्याचे हाल बघवत नाहीत’ या आपल्या नेहमीच्या वाक्यात हाल त्याचे असतात, पण ‘बघवत नाहीत’ हे आपल्याबद्दल असतं.

महाभारतात धर्मराजामागून चालणारा कुत्रा सगळ्यांना ठाऊक आहे. आदिपर्वातली सरमेची गोष्ट त्यामानानं कमी सांगितली जाते. जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याला विनाकारण मारतात. त्याची आई, सरमा, थेट यज्ञाच्या जागी येऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही तेव्हा ती शाप देते, की तुमच्यावर न दिसणारं भय येईल. मरण नाही, रोग नाही; भय. आणि तेही आधी न दिसणारं. पुढची फिट कधी येईल याची वाट बघत झोपणाऱ्या घराला हा शाप किती कठीण आहे ते लगेच कळतं.

घरात या प्रश्नावर दोन तट आहेत. शेजारचे काका म्हणतात, “एक इंजेक्शन, संपला विषय. कशाला त्याला आणि स्वतःला छळताय?” आजी म्हणते, “ज्याचे भोग त्याला भोगू द्यावेत. आपण मधे पडू नये.” मी तिला म्हटलं, “मग फिटची गोळी तरी का देतेस गं त्याला?” कारण सकाळ-संध्याकाळ पोळीच्या तुकड्यात तूप लावून गोळी लपवते ती तीच. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “गोळी चुकली तर दुसरी देता येते.”

या उत्तरावर मी बरेच दिवस अडकलो. भोगाचा युक्तिवाद मला पटत नाही. तो मानला तर गोळी, दवाखाना, थंडीतलं पांघरूण, सगळंच मधे पडणं आहे. पण परतीचा रस्ता नसलेल्या निर्णयाला पुरावा जास्त लागतो, हे आजीचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पहिल्या रात्री काकांचं ऐकलं असतं तर ठिपक्याचे पुढचे महिने गेले असते, तेही बऱ्या होणाऱ्या दुखण्यापायी.

दुसऱ्या बाजूचं वजनही तेवढंच आहे. 1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधीजींनी सल्लामसलत केली आणि डॉक्टरकडून विषाचं इंजेक्शन देववून त्याला मरण दिलं. त्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी ‘नवजीवन’मध्ये बाजू मांडली. हिंसा ठरते ती हेतूवरून. ज्याच्या वेदनेवर कुठलाच इलाज उरलेला नाही त्याला तसंच पडू देणं म्हणजे अहिंसा नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. अहिंसेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता जिथे हात आखडत नाही, तिथे ‘निसर्गाला ठरवू दे’ म्हणणं ही दरवेळी करुणा असतेच असं नाही. कधी कधी ती फक्त स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्याची सोय असते.

माणसासाठी निदान एक वाट आहे. 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपण आधीच लिहून ठेवू शकतो, की कुठल्या अवस्थेत मला उपचारांनी जगवत ठेवू नका. कुत्रा लिहून ठेवत नाही. पण तो तेरा वर्षं रोज सांगत आलेला असतो की त्याला जगण्यात काय आवडतं. माझ्या मते त्याचं इच्छापत्र तेच, आणि ते वाचायची जबाबदारी सोबत राहिलेल्यांची.

म्हणून आम्ही फ्रिजवर एक कागद लावलाय. त्यावर चार गोष्टी आहेत: लिफ्टचा आवाज आला की दाराशी जाणं, दूध-भाकरी संपवणं, गॅलरीतल्या उन्हात स्वतःहून जाऊन बसणं, आणि आजीनं हाक मारली की मान वळवणं. रोज रात्री खूण करायची. फिट आली तर तारीख आणि मिनिटं लिहायची. फिट आल्यापासून तीन दिवस कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. आणि एखाद्या चांगल्या दिवशी तो खेळला म्हणून वाईट आठवडे विसरायचेही नाहीत. चारपैकी तीन खुणा सलग पंधरा दिवस गेल्या, तर डॉक्टरांना घरी बोलवायचं. हे आम्ही तो छान असताना, चहा पिता पिता ठरवलं. आजीही होती. ती ‘हो’ म्हणाली नाही, पण तिसरी खूण तिनंच सुचवली होती.

या कागदानं उत्तर चुकणार नाही असं नाही. तीनच का, दोन का नाहीत, पंधराच दिवस का, याला माझ्याकडे गणित नाही. पण एवढं नक्की, की ठरवायची वेळ येईल तेव्हा माझी भीती आणि त्याच्या यातना हे दोन वेगळे रकाने असतील. माझ्या रकान्याचा उपाय मी शोधेन. मित्रांशी बोलेन, रडेन, झोप येणार नाही. ते ओझं माझं आहे. ते उतरवायला त्यानं लवकर जाऊ नये, आणि ते टाळायला त्यानं उशिरापर्यंत थांबूही नये.