अनोळखी राहण्याची मुभा

पुण्या-मुंबईचे घर भाड्याने देऊन वाई, चिपळूण किंवा सावंतवाडीला राहायला जावे का, हा प्रश्न आता निवृत्तीच्या वयाची वाट पाहत नाही. घरून काम करणारी पस्तिशीतली जोडपीही तो विचारतात आणि भाडे, हवा, शाळा, जवळचे रुग्णालय असा हिशेब मांडतात. इंटरनेटवर आपण किती दिसायचे, हा प्रश्नही याच घरांत असतो, पण त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो : वेळ किती जातो, फसवणूक होईल का, मुलांचे फोटो टाकावेत का. माझ्या मते ही वही एकच आहे. दोन्हीकडे खरा सवाल असा की, मला कोण किती ओळखतो, मीही त्याला तितकेच ओळखतो का, आणि त्याच्याकडची माझ्याविषयीची माहिती कधी जुनी होते की नाही. या कसोटीवर घासून पाहिले, तर शहर, गाव आणि इंटरनेट यांच्याविषयीची आपली बरीचशी ठरीव मते डळमळू लागतात.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कुणबी, बलुतेदार, वतनदार यांच्या देण्याघेण्याचा त्यातला तपशील वाचताना जाणवते की, त्या व्यवस्थेत कागदापेक्षा ओळखीवर जास्त व्यवहार चाले. उधार कोणाला द्यायची, मुलगी कोणत्या घरात द्यायची, शब्द कोणाचा धरायचा, हे सारे माणसाच्या माहितीवर ठरे. ही माहिती दुहेरी असे. वाण्याला गिऱ्हाइकाची थकबाकी ठाऊक, तर गिऱ्हाइकाला वाण्याच्या मापातली खोट ठाऊक. शिवाय ती विटत जाई. पिढी उलटली की आजोबांची भानगड किस्सा म्हणून उरे आणि पुढे तीही विसरली जाई. गावाच्या आठवणीने हळवे होणारे लोक बहुधा हेच दोन गुण आठवत असतात, आणि ते गुण खोटे नव्हते.

फक्त ते सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गुणगानावर कठोर टीका केली आणि मसुद्याने खेडे बाजूला सारून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. गावकुसाबाहेरच्या माणसाला गाव पुरते ओळखत होते. त्याने गावाला जाब विचारण्याची मात्र सोय नव्हती. दुहेरी वाटणारी ओळख त्याच्या बाबतीत एकेरीच होती आणि तिथे काही विटतही नव्हते, कारण जन्माची नोंद जुनी होत नाही. ही केवळ शंभर वर्षांपूर्वीची गोष्टही नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला २०१६ मध्ये करावा लागला. म्हणजे गावाची नजर नुसती पाहत नाही, ती शिक्षाही करू शकते, हे एकविसाव्या शतकात विधिमंडळाने कबूल केले.

अनोळखी राहण्यात स्वातंत्र्य आहे, ही कल्पना शहराची. मध्ययुगीन जर्मन प्रदेशात वेठबिगार कुळाने शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला की जमीनदाराचा त्याच्यावरचा हक्क संपे, अशी रीत होती. बर्लिनचे समाजचिंतक गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मधल्या महानगरावरच्या निबंधात या स्वातंत्र्याचे मानसशास्त्र मांडले : शहरातला माणूस इतरांबद्दल अलिप्त होतो आणि त्या अलिप्ततेमुळेच प्रत्येकाला स्वतःसारखे वागायला जागा मिळते. गर्दीतला एकटेपणा ही या स्वातंत्र्याची दुसरी बाजू आहे, हेही त्यांनी लपवले नाही. न्यूयॉर्कच्या पदपथांचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये त्यात मोलाची भर घातली. चांगल्या रस्त्यावर दुकानदार आणि शेजारी एकमेकांकडे लक्ष ठेवतात, पण एकमेकांच्या घरात शिरत नाहीत. किती ओळख द्यायची, हे तिथे ज्याचे तो ठरवतो. झिमेलपेक्षा मला जेकब्स अधिक पटतात, कारण त्या सोबत आणि मोकळीक यांतले एकच निवडायला लावत नाहीत.

मुंबईने मात्र या सिद्धान्ताला बरीच मुरड घातली. १८५४ नंतर गिरण्या उभ्या राहिल्या तसे कोकणातून आणि घाटावरून लोक आले, ते गावच सोबत घेऊन. एका गावची माणसे एका खोलीत राहत, ओळखीच्या खाणावळीत जेवत, गावकरी मंडळाकडून अडीनडीला मदत घेत. त्यामुळे परळमधली बातमी रत्नागिरीला पोचायला वेळ लागत नसे. कापड खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना तिथे घेत नसत. शहरात नाव लपवूनही भागत नसे, याचा दाखला खुद्द आंबेडकरांचा आहे. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला गेल्यावर त्यांना पारशी नाव सांगून पारशांच्या उतारगृहात राहावे लागले आणि ओळख उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. आजही घर भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते. तेव्हा शहराने दिलेले अनोळखीपण अर्धवट होते आणि विषम वाटलेले होते. तरीही लोकलच्या डब्यात शेजारी कोण बसले आहे हे न कळणे, ही अर्धवट सोयसुद्धा ज्यांना गावाने कधी दिली नव्हती, त्यांच्यासाठी ती थोडी नव्हती.

या सोयीला हक्काचे रूप यायला वेळ लागला. अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या वकिलांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर कुटाळक्या छापणारी वृत्तपत्रे आणि झटपट फोटो काढणारे कॅमेरे होते. आपल्याकडे खडक सिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री घरी येणारी पोलिसांची पाळत रद्द केली, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला नाही. तो मानला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने, आणि तो वाद आधारच्या निमित्ताने उभा राहिला होता. भीती कशाची वाटते, हे कसे बदलत गेले पाहा : आधी छापखाना, मग दारावरची थाप, शेवटी माहितीचा साठा.

मार्शल मॅक्लुहान यांनी १९६२ मध्ये, इलेक्ट्रॉनिक माध्यमांमुळे जग एक खेडे होईल, असे म्हटले. ते कौतुकाने उद्धृत केले जाते, पण खेडे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या वाक्याने दचकायला हवे होते. इंटरनेटने खेड्याची नजर परत आणली आणि खेड्याचे दोन्ही गुण वगळले. मला पाहणारा मला दिसत नाही. आणि माहिती विटत नाही. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या थकबाकीपोटी काढलेल्या लिलावाची जाहिरात १९९८ मध्ये वृत्तपत्रात आली होती. कर्ज केव्हाच फिटले, तरी त्यांचे नाव शोधले की ती जाहिरात वर येई. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये शोधयंत्राला तो दुवा नावाच्या शोधातून काढायला लावला. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये, निर्दोष सुटलेल्या माणसाच्या खटल्याचा निकाल शोधात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. यात न्यायालये काही नवे लाड करत होती, असे नाही. कर्जवसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, अल्पवयीनांच्या बहुतेक गुन्ह्यांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद बालन्याय कायद्यात आहे. माणसाला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून कायदा पूर्वीपासून ठरवून विसरत आला आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : ज्याने काही वावगे केले नाही, त्याला लपवायचे काय? हा आक्षेप बहुधा तेच घेतात, ज्यांचे आडनाव ऐकून घरमालक दार लावत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिसणे ही ताकद आहे. ज्यांना कोणी ऐकत नव्हते त्यांना इंटरनेटने आवाज दिला. हे मान्यच आहे. पण १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्यात काय लिहायचे, हे लिहिणारा ठरवत होता. स्वतःच्या शब्दांत जाहीरपणे बोलणे वेगळे आणि आपली खरेदी, प्रवास, आजारपण यांची नोंद दुसऱ्याकडे साठत जाणे वेगळे. पहिल्यासाठी दुसरे सोसलेच पाहिजे, असे मानण्यात धंदा करणाऱ्यांची सोय आहे. आणि ‘मग काही टाकूच नका’ हा सल्लाही पुरा पडत नाही. सातबारा गट नंबरावरून कोणीही पाहू शकतो. तलाठ्याच्या दारातले खेटे त्यामुळे वाचले, हा फायदाही खरा. लग्नातला तमाशा पाहुणे चित्रित करतात आणि तो तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत राहतो. मागे राहणाऱ्या या खुणांपैकी बऱ्याच दुसऱ्यांनीच उमटवलेल्या असतात.

आता वाई-सावंतवाडीच्या प्रश्नाकडे येऊ. शांततेसाठी तिकडे जाणाऱ्याचे पोट बहुतेक वेळा इंटरनेटवर असते. दूर राहून काम मिळवायचे तर लिंक्डइनवर दिसावे लागते; होमस्टे चालवायचा तर गूगल मॅप्सवर तारे मागावे लागतात. म्हणजे छोट्या गावातले निवांत जगणे इंटरनेटवरच्या ठळक खुणांवर उभे असते आणि माणूस दोन नजरांखाली राहतो : आळीच्या आणि पडद्यामागच्या. मुंबईत निदान पहिली तरी सैल होती. म्हणून जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. आळीची नजर अजून उलटून पाहता येते, तिच्याशी भांडता येते, आणि म्हाताऱ्या आईचे दार सकाळी उघडले नाही तर तीच नजर लक्षात घेते. तिची किंमत द्यायला मी तयार होईन. अर्थात वाळीत पडण्याची भीती ज्याला वाटत नाही, त्यालाच हे सुचते, हेही खरे. दुसऱ्या नजरेला मात्र कामापुरतेच दिसावे, दिनचर्या दाखवू नये. तिच्याकडून बदल्यात काहीच मिळत नाही.

मोठ्यांना हे निदान ठरवता तरी येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती पुसून घेण्याचा अधिकार देतो, पण आपण स्वतः जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि एखाद्याने घरगुती कारणासाठी केलेला वापरही. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकाची संमती लागते. बारशापासून प्रत्येक वाढदिवसाचे, दुखण्याचे, निकालाचे फोटो टाकणारे मात्र बहुतेक वेळा पालकच असतात. पूर्वी तालुक्यातून नाशिकला कॉलेजला आलेल्या मुलीला आपण कोण, हे पहिल्यांदा स्वतः सांगता येत होते. आज तिच्या आधी तिथे काय पोचणार, हे तिचे आईवडील ठरवत आहेत, आणि त्यांना हरकत घेऊ शकेल असा कोणी या कायद्याने नेमलेला नाही.